गोलनंतरची आरोळी

डॉन फेर्मिनच्या पत्रात एकच प्रश्न होता. नासारेनोने नऊ वर्षं त्याला उत्तर दिलं नव्हतं.

‘पोरा, त्या दिवशी मैदानात उतरताना मी तुला जवळ घेतलं नाही, बूट पुसत बसलो होतो. त्याचाच राग आला का तुला?’

डॉन फेर्मिन गावच्या क्लबचे कपडे-बूट सांभाळत. नासारेनोला पहिले बूट त्यांनीच दिले होते, पुढे कागदाचे बोळे कोंबून.

रविवारी सकाळी गावाहून बहिणीचा फोन आला.

“म्हातारा काल पुन्हा भांडला क्लबात, तुझ्यावरून,” नोएमी म्हणाली. “तो खाटीक तुला गद्दार म्हणाला. तर डॉन फेर्मिन म्हणाले, चूक माझी, मीच पोराला दुखावलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, सगळ्यांसमोर रडला रे!”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी काय म्हणणार? तू नऊ वर्षं मिठाची गुळणी धरून बसलायस.”

ज्या क्लबाने लहानाचं मोठं केलं त्याच्यावर गोल केला, तर ओरडायचं नाही. दोन्ही हात वर करायचे, मान खाली घालायची आणि मागे फिरायचं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. परदेशातून परतल्यावर नासारेनो शेवटचा मोसम शेजारच्या गावाकडून खेळला, आणि आपल्याच क्लबावर त्याने गोल केला. शर्ट काढून तो कुंपणापर्यंत धावत गेला, घसा फाटेस्तोवर ओरडला. त्या गोलाने क्लब खालच्या साखळीत घसरला.

त्याने फोन ठेवला आणि कागद पुढे ओढला. त्याची बायको मिर्ता ‘माते’ या कडवट चहाचा पेला भरत होती. म्हणाली, “लिही की, लोक आईवरून शिव्या देत होते, डोकं फिरलं. कोणाचंही फिरतं.”

त्याने तसं लिहिलं. वाचलं. फाडून टाकलं.

ग्रीसहून तो घरी फोटो पाठवायचा. हिरवंगार मैदान, भरलेलं स्टेडियम, मध्ये तो. आई ते बेकरीच्या रांगेत सगळ्यांना दाखवायची. एक अजूनही तिथल्या भिंतीवर होता. फोटो खरेच होते. फक्त सामना सुरू होण्याआधीचे, अंग गरम करताना काढलेले. सामना सुरू झाला की तो जाकीट चढवून बाकावर बसे. सात वर्षं बसला. शेवटची तीन वर्षं त्याच्या पायातून एकही गोल झाला नव्हता.

गावाने गद्दार म्हटलं, ते त्याने चालवून घेतलं होतं. गद्दाराला निदान खेळता तरी येतं.

नव्या कागदावर त्याने सगळं लिहिलं. बाक, जाकीट, फोटो. शेवटी लिहिलं, ‘चेंडू जाळीत गेला तेव्हा जाळी कोणाची हे मला दिसलंच नाही. तुमची काही चूक नव्हती. हे पत्र क्लबात वाचून दाखवा.’

मिर्ताने वाचलं. “क्लबात कशाला? त्यांच्यापुरतं ठेव ना. तुझी आईही ऐकेल.”

“ते क्लबात रडले,” तो म्हणाला.

सोमवारी पोस्टात त्याने पाकीट खिडकीतून आत सरकवलं. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

“पाठवणाऱ्याचं नाव राहिलं. प्रेमपत्र आहे की काय या वयात?”

नासारेनोने पाठीमागे नाव लिहिलं. ते वाचून कारकून खुर्चीतून अर्धा उठला.

“ओखेदा? ग्रीसमध्ये खेळायचे ते तुम्हीच?”

“बसायचो,” नासारेनो म्हणाला.

कारकून पुन्हा खाली बसला. त्याने शिक्का उचलला आणि पाकिटावर मारला.