गोडीने घेऊन झालं

म्हाताऱ्या कुत्र्याला मधुमेह, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि नखरे मात्र जावयाचे. पोटात अन्न गेल्याशिवाय इन्सुलिन टोचायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. मी चिकन उकडलं, बारीक केलं, बोटाने भरवून पाहिलं, "राजा, एकच घास" म्हणून विनवलं. त्याने तोंड फिरवलं. सासूबाई गेल्यापासून हे रोजचंच. त्यांचाच कुत्रा, त्यांच्यासारखाच हेकट. त्यांच्या तोंडाच्या पट्ट्यातून तोही सुटला नव्हता आणि मीही.

"जरा गोडीने घे ना," नवरा आतून म्हणाला, बसल्या जागेवरून.

माझं डोकंच फिरलं. मी भांडं फरशीवर आपटलं. "गिळ मेल्या. तुझी थेरं बघत बसायला मला दुसरे उद्योग नाहीत का? मुकाट्याने गिळ."

कुत्र्याचे कान उभे राहिले. शेपटी हलायला लागली. तो चाचपडत आला आणि भांड्यात तोंड घालून मचमच खाऊ लागला.

नवरा धावत दारात आला आणि तिथेच थबकला. "मला वाटलं, आई..."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. डोळे पुसले आणि कुत्र्यावर पुन्हा खेकसले, "पानात काही टाकलंस तर बघ."