समोरचा मंडप

आयला बेटावरच्या व्हिस्कीच्या जत्रेचा चौथा दिवस. इशबेल सकाळपासून आपल्या व्हिस्कीच्या भट्टीच्या मंडपात उभ्यानेच पेले भरत होती. टाचा ठणकत होत्या, रांग संपत नव्हती. समोरच्या दुसऱ्या भट्टीच्या मंडपातून तिचा भाऊ तॉर्किल आला. त्याने रिकामं खोकं तिच्यामागे उपडं ठेवलं. वडिलांची भट्टी तिच्या एकटीच्या अंगावर टाकून तो तिकडे नोकरीला गेला, तेव्हापासून सात वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. "बस गं जरा. मी ओततो." "तुझ्या मालकाने पाठवलं वाटतं, कीव करायला?" "मालक झोपलाय पिऊन. तू बस." भांडायचंही त्राण नव्हतं. बाटली त्याच्या हाती देऊन ती बसली. एका पाहुण्याने पेला संपवून समोरच्या मंडपाकडे बोट दाखवलं. "तिथली चांगली की ही?" "तिथली मीच गाळतो," तॉर्किल म्हणाला, "म्हणून सांगतो, हीच घ्या." इशबेलने ऐकलं. बाटली त्याच्याच हातात राहू दिली आणि डोळे मिटले.