सात शर्ट

पेनड्राइव्हमध्ये त्रेसष्ट फोटो होते. काकांचे शर्ट सात, आजी प्रत्येकात झोपलेली. ‘माझी सेवा करेल त्याला घर,’ मरताना आजी सांगून गेली होती. तीन महिने बाबा इस्पितळाच्या फरशीवर झोपले होते. त्यांनी एकही फोटो काढला नव्हता. “रोज जायचो,” काका म्हणाले, “मोबाइलवर काय दिसणार? मोठ्या पडद्यावर बघा!” “दादा, आईपेक्षा कॅमेऱ्याकडेच जास्त बघितलंस रे,” आत्या म्हणाली. फोटोंना काकांनी करुण बासरीही लावली होती. मी म्हटलं, “काका, पुन्हा पहिला फोटो लावा.” “का गं, डोळे भरून आले?” “नाही. आकडे वाचायचेत.” टीव्हीवर आजीच्या उशाशी सलाइनची बाटली हातभर लांब दिसत होती. सातही शर्टांमागे बाटली तीच, तिच्यावर नर्सनं लिहिलेली तारीखही एकच. पहिल्या फोटोत सलाइन तीनशे मिलिलिटर होतं. शेवटच्या फोटोत दोनशे साठ.