प्रत्येक दाराला एक डबा

"आई, छोटीची वेणी राहिली!" सुनेची आतून हाक आली, तेव्हा काकूंच्या बिस्किटांची दुसरी खेप ओव्हनमध्ये होती.

काकूंनी पिठाचे हात फडक्याला पुसले. नातीची वेणी घातली, नातवाचा मोजा सोफ्याखालून शोधून दिला, दोघांना शाळेच्या बसमध्ये बसवलं आणि जिना चढून वर आल्या. बिस्किटांच्या कडा नुकत्याच तांबूस झाल्या होत्या. ही धावपळ त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की घड्याळाकडे बघावं लागत नसे.

वर्षअखेरची सुट्टी लागण्याआधी बिल्डिंगमध्ये एकमेकांना काहीतरी द्यायची पद्धत होती. बाकीचे दुकानातले चकचकीत खोके देत. काकूंना ते जमण्यासारखं नव्हतं. नवऱ्यामागे मिळणारी पेन्शन तुटपुंजी, आणि मुलाकडे मागायला जीभ रेटत नसे. म्हणून त्यांनी संत्र्यांच्या साली खिडकीत वाळवून कुटून ठेवल्या होत्या. त्या घातल्या की साध्या मैद्याच्या बिस्किटालाही ऐट येई. डबे दुधाच्या पावडरीचे, वरचा कागद जुन्या कॅलेंडरचा आणि गाठी उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीच्या.

सुनेने डबे न्याहाळले. "सगळ्या बिल्डिंगला झाले. आपल्या घराला नाही वाटतं?"

"घरच्यांना कसला गं डबा? फुटलेली आहेत बाजूला, ती खा."

ऑफिसला निघालेल्या मुलाने फुटक्यांतली दोन तोंडात टाकली. "मस्त झालीत. बाकीचे पाघळतील, आई. त्या हरकतरावांचं तेवढं बघ."

पाघळायला हवे होते, कारण काकूंना तळमजल्यावरची खोली हवी होती. पूर्वी तिथे रखवालदार राहायचा. आता ती धूळ खात पडली होती. भाडं पेन्शनीत बसत होतं. काकू हॉलमध्ये झोपत. टीव्ही बंद झाल्याशिवाय पाठ टेकायची नाही आणि घर जागं व्हायच्या आत गादी गुंडाळायची, असं सगळं आयुष्य चाललेलं. त्यांचं कोणाशी भांडण नव्हतं. त्यांना फक्त एक दार हवं होतं, ज्याची कडी आतून आपल्या हाताने लावता येईल. या वयात माणसाने एवढंही मागू नये की काय?

मुलाला हे त्यांनी भीतभीतच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझी इच्छा आहे ना, मग मी कशाला आड येऊ? मीच मांडतो सभेत." काकूंचे डोळे भरून आले होते.

अडचण नियमाची होती. सामायिक जागा कोणाला द्यायची तर सगळ्या घरांची संमती लागे. एकाने जरी नाही म्हटलं, तरी विषय बारगळे. आणि हरकतराव कशालाही नाही म्हणत. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ प्रत्येक सभेत "माझी हरकत आहे" म्हणून उभा राही, म्हणून बिल्डिंगने त्याचं हे बारसं केलं होतं.

काकूंनी त्यांचं दार सगळ्यांत शेवटी वाजवलं. डब्यात बिस्किटंही जरा दाबून भरली होती.

हरकतरावांनी डबा हातावर तोलला. "लाच का?"

"बिस्किटं आहेत."

"ती खोली ओलसर आहे. सांधे धरतील."

"धरू देत. माझेच आहेत."

"वर चांगलं घर असताना खाली कशाला मरायला जायचं?"

काकू ओशाळल्या. "हॉलमध्ये झोप होत नाही हो," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

हरकतरावांनी डबा घेतला आणि दार लावलं. साधं 'बरं' नाही की 'थँक्यू' नाही. "मेल्याचं काय जात होतं बोलायला!" काकू जिन्यात पुटपुटल्या.

संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. घर ज्याच्या नावावर, त्यानेच बसायचं. काकूंनी नवरा गेल्यावर घर मुलाच्या नावावर करून दिलं होतं, त्यामुळे त्या वर नातवंडांना जेवू घालत होत्या. कान मात्र जिन्याकडे होते.

मुलगा वर आला आणि सरळ हात धुवायला गेला.

"काय झालं रे?"

"नाही झालं, आई. सगळे तयार होते. एक जण अडला."

"तोच ना?"

"आता नावं घेऊन काय होणार आहे? मनाला लावून घेऊ नकोस." त्याने टॉवेल जागेवर अडकवला. "मुलं जेवली?"

काकूंनी त्याला गरम पोळी वाढली. त्याचं पडलेलं तोंड बघून त्यांना त्याचीच दया आली. बिचाऱ्याने आपल्यासाठी चारचौघांत शब्द टाकला आणि फुकट गेला. रात्रभर त्या हरकतरावांच्या नावाने बोटं मोडत राहिल्या.

सकाळी बस गेल्यावर काकू वर न येता तडक हरकतरावांच्या दारात उभ्या राहिल्या. एवढा राग त्यांना बऱ्याच वर्षांत आला नव्हता. तो बरा वाटत होता.

"माझा डबा परत द्या."

"संपली नाहीत अजून."

"असू देत. एका म्हाताऱ्या बाईला चार भिंती मिळत होत्या, त्याही तुम्हाला बघवल्या नाहीत. वर सभेत माझ्या मुलाला तोंडघशी पाडलंत."

हरकतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बाई, मी हात वर केला होता. तुमच्या बाजूने. लोक हसले मला."

"मग कोण अडलं?"

"मीच उठून विचारलं त्याला, अरे, सगळ्या बिल्डिंगला चालतंय, मग तुलाच का नको? तर म्हणाला, आई खाली गेली तर मला पगारी बाई ठेवावी लागेल."