यंत्राचं सोंग

फळीच्या फटीतून चिठ्ठी सरकत आली आणि धाकटीच्या मांडीवर अलगद पडली.

‘झोप येत नाही. काय करू?’

धाकटीने पुढ्यातल्या कार्डांमधून एक उचललं. ‘दिवा मंद ठेवा. कोमट पाण्याने पाय धुवा.’ ताईने आधीच लिहून ठेवलेलं. ते तिने पलीकडे सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून पुन्हा बसून राहिली. खिडकीतल्या उन्हात धूळ तरंगत होती. सगळी खोलीच कुठल्याशा शांत पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखी वाटत होती.

ताई म्हणजे तिची मोठी बहीण. दवाखान्यांसाठी, ग्रंथालयांसाठी माहितीच्या यंत्रणा आखून द्यायची.

“घर बांधण्याआधी पुठ्ठ्याचं घर करून बघतात ना, तसंच,” तिने समजावलं होतं. “पुठ्ठ्यात चूक निघाली तर कात्री लागते. विटांत निघाली तर भिंत पाडावी लागते. म्हणून आम्ही आधी यंत्रणेचं सोंग करतो. एक जण यंत्र होतो, दुसरा माणूसच राहतो. मधे फळी.”

“पण मीच कशाला? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“म्हणूनच. आणि हल्ली तुझं बोलणं म्हणजे हूं आणि उंहूं. यंत्रालासुद्धा जास्त शब्द लागतात.”

एरवी धाकटीला हे झोंबलं असतं. पण नवरा गेल्यापासून तिला काही झोंबतच नव्हतं. तो रेडिओ दुरुस्त करायचा. घरात कायम दोन-चार रेडिओ एकमेकांवर कुरघोडी करत असायचे. आता त्याच्या खोलीला कुलूप होतं आणि हिच्या तोंडालाही. डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. सासूबाई काकुळतीला येऊन म्हणायच्या, “अगं, निदान भांड तरी माझ्याशी!”

“फळीपलीकडे कोण असतं?” तिने विचारलं होतं.

“एक आजोबा. बायको गेली त्यांची. माणसांशी बोलत नाहीत, अन्न टाकलंय. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर हाती लागायचे नाहीत. यंत्रापाशी मन मोकळं केलं तर केलं. ओठांतल्या ओठांत बोलतात, ते मी लिहून देते. तू मात्र डोकावू नकोस हं. बुजतील.”

दुसरी चिठ्ठी आली. ‘एकट्यापुरतं दूध तापवावंसं वाटत नाही.’

धाकटीने सगळी कार्डं चाळली. “ताई, याला उत्तरच नाही गं,” ती कुजबुजली.

“मग तूच लिही,” पलीकडून ताईचा दबका आवाज आला. “आराखडा कुठे उणा पडतो, तेच तर बघायचंय.”

तिने पेन्सिल उचलली. बऱ्याच वेळाने लिहिलं, ‘पातेलं लहान घ्या. मी मोठं पातेलं माळ्यावर टाकलं.’

‘का?’

यंत्राला कुणी ‘का’ विचारतं होय? पण आजोबांच्या जिवाचा प्रश्न होता. ‘उरलेलं दूध बघवत नाही,’ तिने लिहिलं आणि कागद झटकन सरकवून दिला, चटका बसल्यासारखा.

मग रोज दुपारी ती येऊ लागली. ‘तिच्या कपड्यांचं काय करू?’ ‘घर फार शांत आहे. आवाज कसा आणू?’ आजोबांना खोटं सांगणं तिच्या जिवावर यायचं. म्हणून ती प्रत्येक उत्तर आधी घरी करून बघायची आणि मगच लिहायची.

अशीच एका सकाळी ती कुलूप काढून नवऱ्याच्या खोलीत गेली आणि एक रेडिओ लावला. आधी नुसती खरखर, मग लांबून, दऱ्याखोरी ओलांडून आल्यासारखं कुणाचंसं गाणं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“केवढा तो आवाज! कान फुटले माझे.”

“फुटू देत. मला ऐकायचंय.”

सासूबाई पदराने डोळे पुसत स्वयंपाकघराकडे वळल्या. “उलटून बोलायला लागली बाई एकदाची,” त्या भिंतीला सांगत होत्या.

त्या दुपारी धाकटीने लिहिलं, ‘रेडिओ लावा. आधी सोसत नाही. मग सोसतं.’

मग चिठ्ठी आली.

‘कुणासाठी सोसायचं?’

म्हातारा काठावर उभा आहे आणि त्याचा हात आपल्याच हातात आहे, असं तिला वाटलं. ती लिहू लागली. नवरा काम करताना गुणगुणायचा, ते लिहिलं. तारा जोडायला डाख दिल्याचा वास त्याच्या बोटांना यायचा, ते लिहिलं. तो गेला तेव्हा ती उंबऱ्यात दगडासारखी उभी होती, आतून किंचाळत होती आणि कुणालाच ऐकू येत नव्हतं, तेही लिहिलं. ‘आजोबा, मी अजून आहे. आज मी सासूशी भांडले. पोटभर जेवले. तुम्हीही थांबा.’ अक्षरं पुसट व्हायला लागली तेव्हा कुठे तिला कळलं, की कागद आपल्याच डोळ्यांतल्या पाण्याने भिजलाय. तो तिने तसाच ओला पलीकडे सरकवला.

फळीपलीकडून हुंदका ऐकू आला. मग दुसरा.

“आजोबा!” धाकटी ताडकन उठली. न डोकावण्याचं वचन ती विसरून गेली. फळीला वळसा घालून पलीकडे धावली.

तिथे एकच खुर्ची होती. तीत ताई बसली होती. ओला कागद तिने छातीशी धरला होता.

“आजोबा कुठायत?”

ताईने भरल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“आजोबा नव्हतेच गं,” ती म्हणाली. “यंत्र मी होते. माणूस तू होतीस.”