मागच्या सीटवरची बाई

फळ्यावरचं वाक्य शिंपिणीनं दोनदा वाचलं. एकेक अक्षर लावून वाचलं. वाचण्यात आपलीच चूक झालेली असावी, असं तिला फार वाटत होतं. पण वाक्य होतं तेच राहिलं : बाईबरोबर एक लहान मुलगी होती आणि मुलीच्या एकाच पायात बूट होता.

लिहिणारा वर्गात नवा होता. लांब पल्ल्याच्या बसचा ड्रायव्हर. गाडी इथे पोचली की परत निघेपर्यंत उगाच माश्या मारत बसण्यापेक्षा इंग्रजी तरी शिकावं, म्हणून आठवड्यापासून येऊ लागलेला. बाक शाळेतल्या पोरांचे, माणूस उंचापुरा. त्यामुळे त्याचा एक पाय कायम बाहेर, थेट दारात आडवा.

इंग्रजीचा हा वर्ग मास्तर आपल्याच तऱ्हेनं चालवत. 'हे पेन आहे, ती खिडकी आहे' असल्या धड्यांचा त्यांना भारी तिटकारा. "जो इथे आलाय तो कुठून तरी आलाच ना? मग प्रवासाचं सांगा की!" असं त्यांचं म्हणणं. म्हणून रोज एका प्रवासाची गोष्ट. खडू ओळीनं फिरायचा. ज्याच्या हातात येईल त्यानं गोष्टीचं पुढचं एक वाक्य लिहायचं, इंग्रजीत, मोडकंतोडकं का होईना. गोष्ट पुढच्या वर्गापर्यंत पुसायची नाही. आणि आपली भाषा छत्रीसारखी दाराबाहेर ठेवून यायची. हा शेवटचा नियम मास्तरांना स्वतःला लागू नव्हता.

आज आचाऱ्यानं सुरुवात केली होती : एक बाई बस स्टँडवर गेली. दवाखान्यातल्या आयानं त्या बाईच्या हातात पिशवी दिली. आणि मग ड्रायव्हरचं हे.

एका बुटाची गोष्ट या गावात कुणालाही माहीत नव्हती. नवरा वारला, असं शिंपिणीनं इथे सगळ्यांना सांगितलं होतं. नवरा कसला वारतोय, चांगला धडधाकट होता. त्याचा डोळा लागलेला बघून ती लेकीला उचलून निघाली, तेव्हा एक बूट उंबऱ्यावर पडला आणि तो उचलायला वळायची तिची छाती झाली नाही. "गेलीस तर शोधून काढीन, आणि मग परत कुठे जायच्या लायकीची ठेवणार नाही," असं तो म्हणायचा. तो नुसता बोलणारा माणूस नव्हता.

मग याला बूट कसा कळला? त्यानंच धाडलाय याला! शिंपिणीनं वळून पाहिलं. मागच्या बाकावर लेक मांडी घालून चित्र काढत बसली होती. बूट तिनं खाली नीट जोडून ठेवले होते. आणि दारात तो पाय.

"घ्या ताई, खडू घ्या," मास्तर म्हणाले. "एवढं घाबरायला मी काय वाघ आहे?"

ती उठली. ड्रायव्हरच्या बाकामागून जाताना तिला त्याची मान दिसली. जाडजूड, मध्ये खोल घडी पडलेली. ही मान तिनं पाहिली होती. घरातून पळाली तेव्हा बसमध्ये याच्याच मागच्या सीटवर लेकीला पोटाशी धरून, रस्ताभर ती या मानेकडेच बघत आली होती. चेहरा बघायची हिंमतच नव्हती झाली. त्यानं मात्र त्या दोघींना गाडीत चढताना पाहिलं असणार.

तिनं खडू घेतला. तिनं लिहिलं : बाई ड्रायव्हरला विचारते, तू कुणाला सांगितलं?

"वा! आता आला गोष्टीत जीव!" मास्तर खूश झाले.

ड्रायव्हरनं लगेच खडूसाठी हात पुढे केला.

"ओळीनं, ओळीनं! लग्नाची घाई आहे का?" मास्तरांनी खडू आचाऱ्याला दिला.

आचाऱ्यानं डोकं खाजवलं, छताकडे बघितलं आणि लिहिलं : ड्रायव्हरला फार भूक लागली होती. सगळे हसले. शिंपीणही हसली. न हसून सांगते कुणाला? मग आया. तिचं अक्षर मोठं, गोल, एकेक अक्षर ती कोरून काढायची. रस्ता खूप खराब होता, एवढं लिहायला तिनं शिंपिणीचा जीव खाल्ला.

शेवटी खडू ड्रायव्हरकडे आला. त्यानं लिहिलं : एका माणसाने विचारलं, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, मागची सीट रिकामी होती.

शिंपिणीनं ते पुन्हा एकदा वाचलं. देवमाणूस आहे हा, आणि मी मेली काय काय समजत होते! तिला रडूच येणार होतं.

पण ड्रायव्हर जागेवर गेला नाही. त्यानं खडू पुन्हा टेकवला. या वेळी घाईघाईनं, अक्षरं एकमेकांवर चढली तरी न थांबता : आज तो माणूस बसमध्ये बसला. तो या गावात उतरला.

"अहो, एका वेळी एकच वाक्य! नियम म्हणजे नियम," मास्तर म्हणाले. मग त्यांनी ते वाचलं आणि हात चोळले. "पण रंगत आणलीत हं! काय ताई, आता तुमच्यावर आलं. सापडते का हो ती?"

ड्रायव्हर बाकावर बसला आणि त्यानं दारातला पाय आत ओढून घेतला.

शिंपीण फळ्यापाशी गेली. खडू तिनं घेतलाच नाही. तिनं डस्टर उचललं आणि वरपासून पुसायला सुरुवात केली. ड्रायव्हर गेला, माणूस गेला, रस्ता गेला, बूट गेला.

"अहो, अहो! पुसताय काय?" मास्तर ओरडले. "पुढे काय झालं ते राहिलं की!"

"पुढे काही नाही, मास्तर," ती आपल्याच भाषेत म्हणाली. "ती बाई या गावात कधी आलीच नव्हती."

मग ती मागच्या बाकाकडे वळली.

"बूट घाल," ती लेकीला म्हणाली. "दोन्ही घाल."