सोवळ्यातला रेडिओ

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. बोरीवलीच्या एका घरातली गोष्ट आहे. छोटीच आहे, पण कान देऊन ऐका.

"तो पाट काढा आधी," प्रेमा म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बोंबील धुता धुताच उठून आलेली, हातांतून पाणी निथळत होतं. समोर तिचा नवरा सहदेव लाकडी पाटावर उभा होता. पुढ्यात त्याच्या आईचा, सुगंधाबाईंचा रेडिओ. बोटांत देवघरातलं जुनं रेशमी सोवळं.

रिटायर झाल्यापासून सहदेवने त्या रेडिओची सेवा मांडली होती. वाळवी काढली, लाकडाला पॉलिश केलं, पुढचं फाटलेलं कापड बदललं, शोधशोधून जुने व्हॉल्व आणले. फक्त आवाजाचं बटण बसवलं नाही. ते कधीच निखळून हरवलं होतं आणि मागे लोखंडी दांडी उघडी पडली होती. आई ती सोवळ्यात धरून फिरवायची. आईच्या हाताची खूण म्हणून त्याने ती तशीच ठेवली.

आज त्याने पहिल्यांदा प्लग लावला. सोवळ्याने दांडी फिरवली. पिवळा दिवा लागला, काही वेळ नुसती घरघर झाली, मग पेटी, झांज आणि पाठोपाठ बुवांचा भरदार आवाज. कीर्तन. सहदेवने डोळे मिटून हात जोडले.

"ऐकू आलं नाही का? पाट काढा म्हटलं."

"आईची रीत होती ही, प्रेमा. पाटावर उभं राहायचं, सोवळ्याने कान पिळायचा."

"रीत कसली? मला लांब ठेवायची युक्ती होती ती."

प्रेमा वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. नवी नवरी होती तेव्हा सासूच हाक मारायची, "लाव गं रेडिओ, बुवा उभे राहिले असतील." दोघी शेजारी बसून कीर्तन ऐकायच्या. पुढे प्रेमाला दिवस गेले. डोहाळजेवणाला गावाहून आत्याबाई आल्या. दुसऱ्याच दिवशी प्रेमाने भांडी घासता घासता रेडिओकडे हात नेला, तर सासू ओरडत धावली. तिने सुनेचा दंड धरून तिला मागे ओढलं. "शिवायचं नाही. आजपासून हा सोवळ्यातला." बोलताना सासूने स्वतःचा उजवा हात पदरात गच्च गुंडाळून धरला होता. आपला विटाळ होऊ नये म्हणून, असं प्रेमाला वाटलं. आत्याबाईंनीच कान भरले, याबद्दल तिला शंका उरली नाही. त्या दिवसापासून ती कीर्तनाला बसली नाही.

"अगं, तुझ्या हातचं कालवण ती बोटं चाटून खायची," सहदेव म्हणाला. "जातीचं डोक्यात असतं तर जेवली असती का?"

"पोटाला चालायचा कोळणीचा हात. देवाला नाही चालायचा."

सहदेवला आईचं जाणं आठवलं. शेवटच्या दिवशी आईने अंथरुणावरून हाक मारली होती, "प्रेमा, पाणी दे गं." प्रेमा आतून म्हणाली होती, "माझे हात ओले आहेत. मुलाच्या हातचं घ्या." सहदेव पेला घेऊन पोचेपर्यंत उशीर झाला होता.

"मी काय म्हणतो," सहदेवने समजुतीचा सूर लावला, "तू हातपाय धू, कोरडी हो, मग ये ना ऐकायला."

झालं. एवढंच निमित्त पुरलं.

"आता तुम्हीपण?" प्रेमा तरातरा पुढे आली. तिने नवऱ्याला ढकलून खाली उतरवलं आणि पाट लाथेने बाजूला सारला. "बघू दे तुमच्या देवाला, कोळणीचा हात कसा लागतो ते." अनवाणी पायांनी, बोंबलाच्या ओल्या हाताने तिने ती उघडी दांडी धरली.

किंकाळीसुद्धा नीट फुटली नाही. ती मागे फेकली गेली आणि भिंतीवर आदळली. सहदेवने सोवळ्यासकट हात घालून प्लग उपटला. बुवांचा अभंग अर्ध्यावर तुटला.

"प्रेमा! प्रेमा, बोल काहीतरी."

हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता. बोटांची टोकं लाल झाली होती. तिने ती नकळत पदरात गुंडाळली. मग पदराकडे बघितलं. मग कडेला पडलेल्या लाकडी पाटाकडे, आणि नवऱ्याच्या हातातल्या रेशमाकडे.

"सासूबाईंना शॉक बसला होता," ती म्हणाली. "त्या दिवशी. माझ्याआधी."

सहदेव तिच्याजवळ खाली बसला. "मीच बोललो होतो तिला. डोहाळजेवणाच्याच पंगतीत. म्हटलं, हा डबा जरा बिघडला तरी भंगारात टाकणार आणि टीव्ही आणणार."

"म्हणून रेडिओ बिघडलाय हे लपवलं. आणि मला सोवळं सांगितलं." प्रेमाचा राग गेला नव्हता, पण आता तो कुणावर काढावा ते तिला कळेना. "एक शब्द बोलायचा होता, सासूबाई. मी काय सांगणार होते यांना? मलाही कीर्तन हवंच होतं ना."

रेडिओ थंड होत होता. आतून बारीक कटकट ऐकू येत होती.

प्रेमा भिंतीला धरून उठली. स्वयंपाकघरात गेली. हात धुतले नाहीत, पुसलेही नाहीत. तशाच ओल्या हाताने तिने पितळेचा पेला काठोकाठ भरला आणि पाट पुन्हा रेडिओपुढे ओढून त्यावर ठेवला.

तर मंडळी, आता उठाल, घसा कोरडा पडला असेल, कुणीतरी पेला पुढे करील. पहिला घोट घ्यायच्या आधी सुगंधाबाईंची आठवण करा.